बीकर उलटा केला तरी थेंब सांडेना

गेल्या आठवड्यात प्रोजेक्टचं शेवटचं सॅम्पल भट्टीतून बाहेर काढलं आणि आता हात मोकळे झालेत म्हणून हे लिहायला बसलेय. काम एका ओळीत सांगायचं तर सिलिकेट खनिजातून ॲसिड वापरून रेअर अर्थ काढायचे. सात महिने लागले. त्यातले जवळजवळ दोन तर नुसती सिलिका (वाळूत असते तीच) निस्तरण्यात गेले. पेपरांमध्ये "सिलिका जेल तयार होण्याची अडचण" असं अर्ध्या ओळीत लिहिलेलं असतं, मी ते चार वेळा वाचलं होतं, अधोरेखितही केलं होतं, पण वाचून ती जेल काही डोळ्यासमोर येत नाही, ती बीकरमध्येच भेटावी लागते. कोणी या वाटेला जाणार असेल तर त्याचे निदान ते दोन महिने वाचावेत म्हणून सगळं क्रमाने सांगते, चुकांसकट.

आधी थोडी ओळख. रेअर अर्थ म्हणजे लॅन्थेनम ते ल्युटेशियम ही पंधरा मूलद्रव्यं आणि त्यांच्यासोबत धरले जाणारे स्कँडियम नि यिट्रियम, अशी सतरा. आज जगभर ती मुख्यतः बास्टनेसाइट (कार्बोनेट), मोनाझाइट (फॉस्फेट) आणि एका प्रकारच्या मातीतून काढतात. सिलिकेट खनिजं मागे पडलेली. गंमत अशी की या सगळ्याची सुरुवात सिलिकेटपासूनच झालीय. स्वीडनमधल्या इटरबी गावच्या खाणीत १७८७ साली एक काळा जड दगड सापडला, त्यातून १७९४ मध्ये योहान गॅडोलिननी यिट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड) वेगळं केलं, तो दगड म्हणजे पुढे ज्याला गॅडोलिनाइट नाव पडलं तो, सिलिकेटच. १८०३ मध्ये सेरियम ज्यातून मिळालं तो सेराइटही सिलिकेट. मग आज लोक त्याला हात का लावत नाहीत, हे मला फेब्रुवारीत कळलं.

माझ्या वाट्याला आलं युडियालाइट. गुलाबी-लालसर खनिज, सोडियम, कॅल्शियम, लोखंड, झिर्कोनियम आणि ढीगभर सिलिका, त्यात रेअर अर्थ चिमूटभर. १८१९ मध्ये स्ट्रोमायर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ग्रीनलंडच्या सॅम्पलवरून त्याला हे नाव दिलं, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ होतो "सहज विरघळणारा", कारण ॲसिडमध्ये तो लगेच फुटतो. हे वाचून मी काय खूश झाले होते! नावातच सोय आहे म्हटलं.

१२ जानेवारीला सॅम्पल आलं. दुसऱ्या एका ग्रुपने दगड फोडून, दळून, चुंबकाने वेगळा करून दिलेली पूड होती, साधारण दोन किलो, फिकट गुलाबी, मध्ये मध्ये काळे कण. ते काळे कण एजिरीन नावाच्या दुसऱ्या खनिजाचे, चुंबकाला तेही चिकटतात म्हणून पूर्ण जात नाहीत. पूड हातात आली तरी काम सुरू व्हायला तीन आठवडे गेले कारण फॉर्म. ॲसिडच्या रजिस्टरमध्ये नाव चढवायचं, रिस्क असेसमेंट, फ्यूम हूडचं (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाचं) बुकिंग, टाकाऊ सोल्यूशन कुठे जाणार त्याचा वेगळा कागद, आणि रेडिएशनचा फॉर्म. रेअर अर्थच्या खनिजात थोडं थोरियम-युरेनियम असतंच म्हणून तो लागतो. त्यात प्रश्न होता "पदार्थ रेडिओॲक्टिव्ह आहे का: हो / नाही." मी दोन्हीच्या मधल्या जागेत "थोडंसं" असं लिहिलं. फॉर्म दुसऱ्या दिवशी परत. मग सेफ्टीवाले मीटर घेऊन आले, डबीला लावून बघितलं, भोवतालच्या रीडिंगपेक्षा जरासंच वर, मोनाझाइटच्या मानाने युडियालाइट या बाबतीत बराच सोज्वळ आहे. मला एक बॅज दिला, पूड कोरडी असताना मास्क लावायचा आणि टेबल ओल्या कपड्याने पुसायचं अशी ताकीद दिली आणि सही झाली. टिप: मीटर आधीच मागून घ्या, रीडिंग फॉर्मवर लिहा, एक आठवडा वाचेल. आणि गॅडोलिनाइटवर काम करणार असाल तर त्यात बेरिलियम असतं, त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट, तो फॉर्म आणखी लांब असतो.

या तीन आठवड्यांत मी कागदावर ॲसिडचा हिशोब करून ठेवला, आणि तो प्रत्येकाने करावाच. २० ग्रॅम पुडीतलं सोडियम किती ॲसिड खाईल, कॅल्शियम किती, लोखंड, झिर्कोनियम, मॅंगनीज, सगळं मोल काढून मांडलं. बेरीज आली पाव मोलच्या जरा वर, म्हणजे तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण २२ मिली. त्यात रेअर अर्थचा वाटा? शंभरातले तीन. बाकीचं सत्त्याण्णव टक्के ॲसिड आपल्याला नको असलेल्या गोष्टी विरघळवण्यात जातं. लग्न एकाचं आणि जेवणावळ गावाची. सिलिकेटकडे लोक का फिरकत नाहीत त्याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं, उरलेलं अर्धं पहिल्या प्रयोगाने दिलं.

३ फेब्रुवारी. २० ग्रॅम पूड, १०० मिली तीन मोलरचं हायड्रोक्लोरिक, ६० अंश, चुंबकी काडी फिरतेय. पाच मिनिटांत गुलाबी रंग गेला, सोल्यूशन पिवळं झालं, मी वहीत "खूप छान विरघळतंय" असं लिहिलं आणि त्याच्याखाली एक रेघही मारली (ती वही अजून आहे, ती रेघ बघवत नाही). पंचवीसएक मिनिटांनी काडीचा आवाज बदलला. आधी टिकटिक येत होती ती मंद झाली, मग काडी एका जागी थरथरायला लागली, मग थांबली. मला वाटलं मशीन बिघडलं. बीकर उचलून तिरका केला तर आतलं काही हलेना. पूर्ण उलटा केला, हो, खरंच केला, ट्रेवर धरून, एक थेंब सांडला नाही. पिवळसर, अर्धपारदर्शक, आत काळे कण जिथल्या तिथे लटकलेले, आणि मधोमध माझी चुंबकी काडी अडकलेली.

रेअर अर्थ सगळे त्या जेलमध्येच. विरघळलेत पण बाहेर येणार नाहीत. मी चमच्याने जेल मोडून पाणी घातलं, ब्युकनर फनेलवर ओतलं, व्हॅक्यूम चालू केला. पहिले दहा थेंब पटापट आले, मग मिनिटाला एक, मग तेही नाही. फिल्टर पेपरवर जेलचा पातळ थर बसतो आणि मग वरून कितीही ओढा, तो थर अजूनच घट्ट होतो. दोन रात्री पंप चालू ठेवला, सकाळी येऊन बघितलं तर ग्लासात जेमतेम तळ झाकला जाईल एवढं पाणी. त्यात मी हौसेने एकदा सिंटर्ड काचेचं (तळाला सच्छिद्र काच असलेलं) फनेल वापरून पाहिलं, ते तर कायमचंच बुजलं असं वाटलं. ते साफ कसं झालं ते सांगून ठेवते: जेल ॲसिडला दाद देत नाही, गरम कॉस्टिक सोड्याला देते. आधी फनेल पाण्याने भरपूर धुऊन आतलं ॲसिड काढून टाकायचं, मग गॉगल लावून गरम सोड्याचं पाणी हळूहळू सोडायचं. पण सोडा काचही थोडी खातो, तेव्हा सिंटर्ड फनेल या कामाला काढूच नका.

मग वाचायला बसले, आणि आता समजून वाचलं. ॲसिडने खनिज फुटतं तेव्हा सिलिका सिलिसिक ॲसिड म्हणून सुटी पाण्यात येते. पाण्यात ती फारशी मावत नाही, साध्या तापमानाला अमॉर्फस (स्फटिक नसलेली) सिलिका लिटरमागे १०० ते १२० मिलिग्रॅम एवढीच विरघळलेली राहू शकते. माझ्या बीकरमध्ये लिटरमागे शंभर ग्रॅमच्या हिशोबाने सुटली होती. हजारपट जवळजवळ! एवढी सगळी जाणार कुठे, एकमेकींचे हात धरत साखळ्या होतात, साखळ्यांची जाळी होते आणि सगळं पाणी त्या जाळीत कोंडून राहतं. ही हात धरायची घाई पीएच दोनच्या आसपास सगळ्यात कमी असते, त्याच्या खाली ॲसिड वाढवत नेलं तर पुन्हा वाढते आणि वर पाच-सहाकडे तर फारच. फ्लोराइड असेल तर तेही तिला ढकलतं.

फेब्रुवारीचे उरलेले दिवस आणि जवळजवळ अख्खा मार्च मी या माहितीशी जमवून घ्यायचा प्रयत्न केला. तीच पूड १०० मिलीऐवजी दोन लिटरमध्ये घातली. जेल त्या दिवशी झाली नाही, पटकन गाळून घेतलं तर गाळलंही गेलं, पण आता माझ्याकडे दोन लिटर पाणी आणि त्यात रेअर अर्थ अगदी पुसट, आणि पुढे हे सगळं न्यूट्रलाइझ कोण करणार. वर तो गाळलेला कॅन तीन दिवसांनी उघडला तर आत घट्ट. म्हणजे जेल टळली नव्हती, फक्त रजेवर गेली होती. मग पूड एकदम न घालता तासभर चिमूट चिमूट घालून पाहिली, तापमान वाढवून पाहिलं, आधीची जुनी सिलिका बी म्हणून टाकून पाहिली. प्रत्येक वेळी जरा बरं. पण पंपाजवळ खुर्ची टाकून बसायचं काही सुटेना.

याच काळात मला एक अक्कल सुचली की सिलिकेट विरघळवायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड का नको, ते तर काचेलाही सोडत नाही, सिलिकाचा प्रश्नच मिटेल. सरांकडे गेले. सर काही बोलले नाहीत, फळ्यावर "लॅन्थेनम फ्लोराइड" एवढं लिहिलं आणि विचारलं, "हे पाण्यात विरघळतं का गं?" नाही विरघळत. रेअर अर्थची फ्लोराइडं खाली साका म्हणून बसतात, म्हणजे सिलिका जाईल आणि मला हवं ते चोथ्यात राहील. शिवाय ते ॲसिड त्वचेतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम धरतं, त्याच्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल शेजारी ठेवल्याशिवाय बाटली उघडायची नसते. विषय तिथेच संपला. बरंच झालं, त्याचा फॉर्म अकरा पानी होता.

सुटका झाली ती लॅबमधल्या काकांमुळे. काका रिटायर व्हायला आलेले, पूर्वी दगडांचं ॲनालिसिस हाताने करायचे, मशीन यायच्या आधीचं. २९ मार्चला मी पंपाजवळ बसलेली बघून म्हणाले, "एवढं पाणी कशाला घालतेस? आम्ही सिलिका मोजायचो तेव्हा आधी ॲसिड घालून कोरडं ठाक करायचो. सुकली की ती परत फुगत नाही, मग पाणी घाल, वाळूसारखी गाळली जाते." म्हटलं काका हे आधी का नाही सांगितलंत. म्हणाले, "तू विचारलंस कुठे."

खरंच जुन्या पुस्तकांत ही पद्धत आहे, ॲसिडसोबत आटवून कोरडं करायचं, साधारण १०५-११० अंशांवर सिलिकातलं पाणी घालवायचं आणि मग गाळायचं. आणि नवीन पेपरांत युडियालाइटसाठी जे "ड्राय डायजेशन" म्हणतात ते तत्त्वतः हेच. मी पेपर वाचले होते, पण इतके दिवस ॲसिड किती घालायचं याचाच विचार करत होते. पाणी किती घालायचं नाही, याचा विचार करायला हवा होता.

तर १ एप्रिलपासून असं केलं. टेफ्लॉनच्या बीकरमध्ये २० ग्रॅम पूड. आधी दोन-तीन मिली पाण्याने नुसती ओलसर करायची, ही पायरी चुकवायची नाही, का ते पुढे सांगते. मग तीव्र हायड्रोक्लोरिक २५-२७ मिली, म्हणजे हिशोबापेक्षा थोडं जास्त, हळूहळू, हूडच्या आत, काच खाली ओढून. लगेच गरम होतं, वाफा येतात, मिश्रण चिकट खळीसारखं होतं, मग जेल होते आणि पोटात गोळा येतो, पण येऊ द्यायचा. १०० ते १०५ अंशांवर ठेवून दर दहा मिनिटांनी टेफ्लॉनच्या दांडीने ढवळत राहायचं, वाफा सोड्याच्या पाण्यातून जाऊ द्यायच्या. दीडएक तासात जेल तुटायला लागते, मग ओल्या वाळूसारखी होते, मग पिवळसर भुगा. दोन-सव्वादोन तासांत कोरडं. गार झाल्यावर २०० मिली पाणी, त्यात थोडं ॲसिड घालून पीएच दीडच्या आसपास, गरम न करता अर्धा तास ढवळायचं आणि गाळायचं.

सहा मिनिटं लागली गाळायला. सहा! मी आणि काका दोघं घड्याळ लावून उभे होतो. फनेलमध्ये पांढरट राखाडी चोथा, त्यात एजिरीनचे काळे कण जसेच्या तसे चमकत होते, ते ॲसिडला भीकच घालत नाहीत, आणि खाली स्वच्छ पिवळं सोल्यूशन.

पण पहिल्या वेळचं ॲनालिसिस आलं तेव्हा रेअर अर्थ फक्त ६१ टक्के निघाले होते. उरलेले कुठे गेले ते चोथ्यात हात घातल्यावर कळलं. ज्वारीच्या दाण्याएवढ्या काही गोळ्या होत्या, एक नखाने फोडली (ग्लव्ह घालून), वरून पांढरी आणि आत गुलाबी. तिथे ॲसिड पोचलंच नव्हतं, वरच्या कवचात सिलिकाने दार लावून घेतलं आणि आतली पूड कोरडीच राहिली. म्हणून ते आधी ओलसर करणं आणि दर दहा मिनिटांनी ढवळणं. दोन्ही नीट पाळल्यावर ८३ टक्के, नंतर कायम ८० ते ८५ मध्ये. हे आकडे माझ्या पुडीचे आहेत, दुसऱ्याच्या खनिजात वेगळे येतील.

मध्ये एप्रिलअखेर एक फाटा फुटला. सल्फ्युरिक ॲसिड वापरून बघ म्हणून सुचवणारे बरेच भेटतात, लवकर उकळत नाही, वाफा कमी, जास्त तापवता येतं. हे सगळं खरंय आणि ज्या खनिजात सोडियम नाही तिथे चालेलही. युडियालाइटमध्ये सोडियम भरपूर, आणि सोडियम, सल्फेट नि हलके रेअर अर्थ एकत्र आले की डबल सल्फेट होतं, ते विरघळत नाही, त्यात पाणी गरम असेल तर आणखीच कमी. मी काय केलं, लवकर व्हावं म्हणून पाणी ७० अंशांना घेतलं! लॅन्थेनम आणि सेरियम हायड्रोक्लोरिकच्या निम्म्यानेही आले नाहीत, यिट्रियम मात्र जवळजवळ तेवढंच आलं, जड रेअर अर्थना ही खोड कमी असते. वर कॅल्शियमचं जिप्सम होऊन चोथा दुप्पट. सल्फेटवर काम करायचंच असेल तर गार पाणी वापरा. मी दोन आठवडे घालवून हायड्रोक्लोरिककडे परत आले.

ॲनालिसिसचंही सांगते कारण वेळ तिथेही जातो. आयसीपी-एमएसची (अणूंच्या वजनावरून मूलद्रव्यं मोजणाऱ्या मशीनची) रांग तीन आठवड्यांची होती, दोनदा मशीन बंद पडलं, म्हणून सॅम्पल तयार झाल्यावर नंबर लावायचा असं करू नका, प्रयोग ठरला की त्याच दिवशी नंबर लावा. मूळ पुडीत एकूण किती रेअर अर्थ आहेत ते बघायला ती लिथियम बोरेटसोबत वितळवून पूर्ण विरघळवली, ऑक्साइडच्या हिशोबाने २.१ टक्के आले. एक विचित्र गोष्ट म्हणजे सगळ्यांची रिकव्हरी ऐंशीच्या वर आणि एकट्या युरोपियमची पन्नास. मी आठवडाभर युरोपियमचं असं काय वेगळं रसायन आहे ते शोधत बसले. मशीन चालवणाऱ्या ताईंनी एका मिनिटात सांगितलं, बेरियम बघ. मूळ पुडीत फेल्डस्पार नावाचं आणखी एक खनिज आहे, त्यात बेरियम, ते मशीनमध्ये ऑक्सिजनला चिकटलं की १३५ आणि १६ मिळून १५१, १३७ आणि १६ मिळून १५३, आणि युरोपियमचे दोन्ही आयसोटोप नेमके तेच. ॲसिडने फेल्डस्पार फारसा फुटत नाही म्हणून माझ्या सोल्यूशनमध्ये बेरियम नव्हतं, फक्त मूळ आकडा खोटा फुगलेला होता. दुरुस्ती केल्यावर युरोपियमही शहाण्यासारखं बाकीच्यांच्या रांगेत आलं.

मे महिना सोल्यूशन साफ करण्यात गेला. त्यात रेअर अर्थसोबत लोखंड, झिर्कोनियम, थोडं ॲल्युमिनियम, थोरियम. पीएच चारच्या जवळ नेला की यातलं बरंचसं साका म्हणून बसतं आणि रेअर अर्थ सोल्यूशनमध्येच राहतात, पण त्याआधी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून लोखंड फेरिक करून घ्यावं लागतं, फेरस असेल तर ते बसत नाही. पीएच वाढवायला कॉस्टिक सोडा ओतू नका, जिथे थेंब पडतो तिथे पीएच एकदम वर जातो, रेअर अर्थही बसतात आणि उरलीसुरली सिलिका गठ्ठे धरते. मी चुनखडीची पूड पाण्यात कालवून तासभर थेंब थेंब घातली. छान फसफसून पीएच वर गेला, साका चॉकलेटी, गाळलाही नीट गेला. मी खूश. चूक तिथेच झाली होती, कळली जूनमध्ये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मोठी बॅच, ५० ग्रॅमची. साफ केलेलं सोल्यूशन ६० अंशांना, त्यात ऑक्झॅलिक ॲसिड. हा या सगळ्या कामातला सगळ्यात सुंदर क्षण, आधी काहीच होत नाही, मग सोल्यूशन दुधाळ होतं आणि मग जड पांढरा साका संथ खाली उतरायला लागतो. रात्रभर ठेवला, गाळला, धुतला, वाळवून ८५० अंशांना दोन तास भट्टीत. ५० ग्रॅममध्ये रेअर अर्थ ऑक्साइड सगळे मिळून १.०५ ग्रॅम असायला हवे, सगळेच्या सगळे निघाले तरी. क्रुसिबलमध्ये भरले १.३१ ग्रॅम. म्हणजे रिकव्हरी १२५ टक्के. क्षणभर आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पूड परत वजन केली तर आणखी वाढलेली. तेव्हा ट्यूब पेटली. हवेतलं पाणी पिऊन वजन वाढवतंय म्हणजे हा चुना आहे. खनिजातलं कॅल्शियम होतंच, त्यात मी चुनखडी घालून आणखी ओतलं, आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटही रेअर अर्थसोबत बसतं. रंगानेही सांगितलंच होतं, मिश्र रेअर अर्थ ऑक्साइड प्रासिओडिमियममुळे गडद तपकिरी यायला हवा, माझा फिकट बदामी होता. सगळी पूड परत गरम हायड्रोक्लोरिक आणि पेरॉक्साइडमध्ये विरघळवली आणि या वेळी ऑक्झॅलेट पीएच एकच्या आसपास पाडलं, तेवढ्या ॲसिडमध्ये कॅल्शियमचं ऑक्झॅलेट बरंचसं विरघळलेलं राहतं, रेअर अर्थचं मात्र खाली बसतं. पुढच्या बॅचपासून चुनखडी बंद करून मॅग्नेशियम ऑक्साइड घेतलं.

शेवटची बॅच १७ जुलैला निघाली. ०.८६ ग्रॅम, तपकिरी, अगदी डबीतल्या तपकिरीसारखी, शुद्धता ९५ टक्के, म्हणजे ५० ग्रॅम दगडातल्या रेअर अर्थपैकी ७८ टक्के हातात. आणि ही नुसती भेळ आहे, निओडिमियम वेगळं, डिस्प्रोसियम वेगळं असं करायचं तर सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनच्या (एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांत वाटून वेगळं करण्याच्या) पायऱ्यांवर पायऱ्या. तो माझ्या ज्युनिअरचा प्रोजेक्ट आहे, मी त्याला ॲसिडचा हिशोब आणि काकांचा नंबर दिलाय.

आवराआवरीला चार दिवस लागले. सात महिन्यांत साठलेलं ॲसिडचं पाणी, लोखंडाचा साका (थोरियम त्यात जातं, तो वेगळ्या डब्यात, लेबलसह), चोथ्याच्या सतरा पिशव्या. पुन्हा तोच फॉर्म, "रेडिओॲक्टिव्ह आहे का: हो / नाही." या वेळी आधी मीटर आणून रीडिंग लिहिलं, लगेच सही झाली. शेल्फच्या मागच्या बाजूला ३ फेब्रुवारीचा तो पहिला बीकर सापडला, मी टाकायचा विसरले होते. जेल आटून आटून भिंतीपासून सुटली होती, तिचे पिवळसर काचेसारखे तुकडे झाले होते. उलटा केला तर या वेळी सगळे खडखडत ट्रेवर पडले, आणि त्यांच्यासोबत चुंबकी काडीही.